डेम्लोची सतरा अंकी संख्या



मी होमिओपॅथीचा डॉक्टर, गणिताचा नव्हे. तरीही आज एका संख्येविषयी बोलणार आहे. घरी गेल्यावर ती नातवंडांना पाटीवर मांडून दाखवा, एवढीच विनंती.

नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. गुणाकार जुन्या रीतीने मांडला की कारण डोळ्यांना दिसते. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रांगांची बेरीज एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा एक घेतले, की मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मोडते.

आपण लहानपणी एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत अठरा घरे मोजत असू. आपली संख्या सतरा घरांत, ‘मध्य’पर्यंत बसते. मोडलेली संख्या परार्धाच्याही पुढे जाते.

आता तिच्या अंकांची बेरीज करा : ८१. आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो, कारण १११११११११ म्हणजे १२३४५६७९ची नऊपट. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, आनंद देणारी.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवीत होते. आपल्या या चढत्या-उतरत्या संख्येच्या जातीला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. ती कल्पना त्यांना डेम्लो स्टेशनावर सुचली. तेच आजचे डोंबिवली. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी हे पोरखेळ मानले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जग वळून पाहू लागले.

पण या जातीची संख्या त्यांच्याही आधी एकाने पाहिली होती. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त २७९९४६८१ला ४४१ने गुणायला सांगितले. उत्तर १२३४५६५४३२१ : एकापासून सहापर्यंत चढून उतरणारे. सहा वेळा एकाचा वर्ग तोच. अशा उत्तरांना त्यांनी कंठहाराची उपमा दिली.

माझ्या नातवाने हे पाहून विचारले, “आजोबा, याचा उपयोग काय?” मला उत्तर देता आले नाही. मग आठवले, बुऱ्हाणपुरात राहून मराठी कशाला, हाही प्रश्न त्याने विचारला होता आणि तेव्हाही मी गप्पच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आठ एकांचा वर्ग करून घेऊन आला. मी म्हटले, “आता मराठीत मोज.” एकं, दहं करीत आम्ही दोघे अंगणात बसलो. दशकोटीनंतर तो अडला. पुढची घरे मी सांगितली.

ती तुम्हालाही येतात. सांगायला उशीर करू नका.