घरच्या घरीं तालीम



तीन वर्षांपूर्वीं एका आप्तांच्या घरीं लग्नाला गेलों होतों. यजमान जुन्या चालीचे हौशी असल्यामुळें पंगत पाटांवर मांडली होती. भोजन यथास्थित झालें. पण हात धुण्यासाठीं उठूं लागलों, तों उठवेना! एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा टेकला. अखेर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें दंडाला धरून मला उभें केलें. “सावकाश, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला. ज्यास मीं एके काळीं बांकावर उभें केलें होतें, त्यानें आज मला उभें करावें, याची पंगतीला मौज वाटली. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आज पाटावरून उठावयास दुसऱ्याचा हात लागतो. उद्यां तो खाटेवरून उठावयास लागेल, आणि परवां न्हाणीघरांत जावयास.

डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, रोग कांहीं नाहीं. मांड्यांत बळ उरलेलें नाहीं. तारुण्य ओसरूं लागलें कीं स्नायु हळूहळू झिजूं लागतात, व साठीनंतर ही झीज वेगानें होते. परंतु ती सारीच वयामुळें होते असें नव्हे. बरीचशी नुसतें बसून राहिल्यामुळें होते, आणि ती पुष्कळ अंशीं भरून काढतां येते. चिरंजीवांनीं व्यायामशाळेची वर्गणी भरण्याची तयारी दाखविली. ती आमच्या दोन महिन्यांच्या वाणसामानाएवढी होती. मीं नको म्हटलें.

घरीं काय होतें? खुर्ची, चौरंग, पाट, बादली, भिंत आणि नातवाचें टाकून दिलेलें दप्तर. एवढ्यावर तालीम कशी उभी राहणार, असें आपणांस वाटेल. पण स्नायूला लोखंड कोणतें व माती कोणती हें कळत नाहीं. त्याला फक्त भार कळतो. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील ग्रीक मल्ल मायलो याची अशी कथा सांगतात कीं, तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन हिंडे; वासरूं वाढत गेलें, तशी त्याची शक्तिहि वाढत गेली. कथा खरी असो वा नसो, तींतील हिशेब खरा आहे. भार थोडाथोडा वाढत गेला पाहिजे. अलीकडील प्रयोगांवरून असेंहि दिसून आलें आहे कीं, हलका भारहि स्नायु जवळजवळ थकेपर्यंत उचलला, तर स्नायूंची वाढ जड भाराइतकीच होऊं शकते. पैलवानाची कमाल ताकद हवी असेल, तर मात्र जड वजनांस पर्याय नाहीं.

मीं आरंभींच चूक केली. लहानपणच्या तालमीची आठवण होऊन पहिल्याच दिवशीं पन्नास बैठका काढल्या, आणि तीन दिवस जिना आडवा होऊन उतरलों. मग शहाणपण आलें. हात न टेकतां खुर्चीवरून उठावयाचें व सावकाश बसावयाचें, असें आठ वेळां. दम घेऊन पुन्हां आठ वेळां. पंधरा वेळां सहज होऊं लागलें, कीं आसन खालीं आणावयाचें. खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून चौरंगावर, आणि चौरंगावरून पाटावर. या उतरणीला मला आठ महिने लागले.

जोरांचेंहि तसेंच. प्रथम भिंतीला हात लावून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग भिंतीशीं सरकवून ठेवलेल्या खाटेच्या कडेला. जमिनीवर जोर काढतांना शरीराचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. भिंतीशीं त्याहून पुष्कळच कमी.

ओढण्याचा व्यायाम घरीं सहसा राहून जातो. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार आपल्या संस्थानांतील शाळांतून रुजविले, याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु नमस्कारांत कांहीं ओढावें लागत नाहीं, आणि भारहि आपल्या देहाएवढाच राहतो, हें भक्तांनीं न रागावतां ऐकावें. ही उणीव दप्तरानें भरून काढली. त्यांत जुनीं क्रमिक पुस्तकें भरून वाण्याच्या कांट्यावर तोललीं. चार किलो भरलीं. एक हात खुर्चीवर टेकून, पाठ सरळ ठेवून वांकावयाचें, व दुसऱ्या हातानें दप्तर बरगडीपर्यंत ओढावयाचें. दर पंधरवड्यास एक पुस्तक जास्त. मुलें दप्तराबद्दल कां कुरकुरत, हें सेवानिवृत्तीनंतर मला समजलें!

बादलीसारखें वजन तर बाजारांत विकत मिळणार नाहीं. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तांब्यातांब्यानें भार वाढवितां येतो. दोन्हीं हातांत अर्ध्या अर्ध्या बादल्या घेऊन ओसरींत चाललें, कीं पंजा, खांदे व कंबर यांना एकदमच काम मिळतें. कडीला फडकें गुंडाळावें आणि फरशी कोरडी ठेवावी.

हें सर्व आठवड्यांतून तीन दिवस, अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं निदान दोन दिवस सांगितले आहेत. भार उचलतांना श्वास कोंडूं नये, सोडावा. कोंडल्यानें रक्तदाब चढतो. छातींत दुखलें किंवा भोंवळ आली तर थांबून डॉक्टरांकडे जावें. आहाराविषयीं इतकेंच कीं, दर किलो वजनामागें रोज सुमारें 0.83 ग्रॅम प्रथिनें हें आपल्याकडील प्रमाण आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत तीं सुमारें पंचवीस ग्रॅम असतात, आणि चण्यांत वीसच्या आसपास. डब्यांतील महाग भुकटीवांचून माझें कांहीं अडलें नाहीं.

खर्च झाला तो एका शंभर पानी वहीचा. दिनांक, भार, किती वेळां, असे तीन रकाने. “काल किती झालें?” याचें उत्तर मन नेहमीं फुगवून देतें, वही देत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं प्रथम या वहीची पुष्कळ थट्टा केली. पुढें एके दिवशीं तिच्या मागल्या पानांवर त्यांच्या अक्षरांत आंकडे दिसूं लागले. पिठाचा डबा फळीवरून काढावयास त्या पूर्वीं शेजारच्या मुलाला हांक मारीत. हल्लीं मारीत नाहींत.

पुढच्या महिन्यांत त्याच आप्तांकडे मुंज आहे. पंगत पाटांवरच मांडणार ना, हें मीं यजमानांना आधींच विचारून ठेवलें आहे.