बंद दाराआडचा करार

डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेलं रक्तदाबावरचं औषध नेदरलँड्सच्या कस्टम्सनं पेटंटच्या कारणावरून अडवलं. त्या औषधावर भारतात पेटंट नव्हतं, ब्राझीलमध्येही नव्हतं. नेदरलँड्समध्ये ते विकायचं नव्हतंच, तिथून फक्त पुढे जायचं होतं. तरीही माल भारतात परत आला.

त्याच वर्षी अमेरिका, जपान आणि युरोपीय संघ इतर काही देशांबरोबर ‘ॲक्टा’ कराराची बोलणी करत होते. हेतू सांगितला होता बनावट मालाला आळा घालण्याचा. भारताला त्या बोलण्यांत जागा नव्हती. अशी अडवणूक आता नियमच होईल, या काळजीनं भारतानं २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली.

करारात काय लिहिलंय, हे मात्र लोकांना ठाऊक नव्हतं. २००८ मध्ये एक टिपण विकिलीक्सवर फुटलं, मग मसुदेही फुटत गेले. अधिकृत मसुदा आला तो एप्रिल २०१० मध्ये. तोवर कार्यकर्त्यांनी कलम न् कलम वाचून, साध्या भाषेत मांडून ते इंटरनेटवर पसरवलं होतं. मला या साऱ्या लढ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाचन.

२६ जानेवारी २०१२ ला पोलंडनं टोकियोत ‘ॲक्टा’वर सही केली. त्याच दिवसांत फेसबुकवरून हाका गेल्या आणि पोलंडच्या शहरांत कडाक्याच्या थंडीत तरुण रस्त्यावर आले. फेब्रुवारीत हे लोण युरोपभर पसरलं. पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी मंजुरीची प्रक्रिया थांबवली. ४ जुलैला युरोपीय संसदेनं ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला.

या विरोधात इंटरनेटवर फिरणाऱ्या काही व्हिडिओंत जुन्या मसुद्यांतली, नंतर वगळलेली कलमं होती. विरोधकांनी ती तपासून घ्यायला हवी होती; चुकीच्या एका वाक्यानं दहा खऱ्या वाक्यांवरचा विश्वास उडतो. शिवाय तरुणांची ती गर्दी, करारातल्या इंटरनेटविषयीच्या कलमांमुळे, मुख्यतः इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी जमली होती. औषधांचा प्रश्न चिकाटीनं लावून धरला तो ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संघटनांनी.

पुढे आशियातल्या ‘आरसेप’ या व्यापार करारातलं बौद्धिक संपदेचं प्रकरणही असंच फुटलं. स्वस्त जेनेरिक औषधांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी तेही वाचून लोकांपुढे ठेवलं. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला. त्यामागे शेती, दूध आणि उद्योगांची कारणं मोठी होती. पण भारतीय रुग्णांच्या औषधांवर परिणाम करू शकणारी कलमं तेव्हाही लोकांना कळली, ती फुटलेल्या कागदांतूनच.