उभ्या घरांचा विचार



आजच्या विषयासाठी इंग्रजीत ‘रेट्रोफिटिंग’ हा शब्द रूढ आहे. त्याला नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नाही. डागडुजी म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. जीर्णोद्धार म्हणजे पडावयास आलेले पुन्हा उभारणे. येथे वास्तू धडधाकट असते. कमी विजेत, कमी पाण्यात आणि कमी तापून तिने कसे नांदावे, एवढेच पाहावयाचे असते. अर्थाने त्यातल्या त्यात जवळचा शब्द म्हणजे कोकणातील ‘शाकारणी’. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून, ती पुन्हा नीट बसविण्याचे हे काम वर्षानुवर्षे करावे लागे. घर एकदा बांधले की कर्तव्य संपले, असे शाकारणी करणारा मनुष्य कधीच मानीत नसे.

उभ्या इमारतींचा विचार अगत्याने का करावयाचा? विटा भाजताना, सिमेंट व पोलाद तयार करताना पुष्कळ इंधन जळते. उभ्या इमारतीपुरते ते जळून गेलेले आहे. ती पाडून ‘हरित’ म्हणवणारी नवी इमारत बांधणे म्हणजे तो खर्च दुसऱ्यांदा करणे होय. म्हणून जुनी वास्तू सुधारून वापरणे हाच पुष्कळदा अधिक काटकसरीचा मार्ग ठरतो.

शासनाचे लक्ष मात्र प्रथम नव्या बांधकामाकडे गेले. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००७ साली व्यापारी इमारतींसाठी आणि २०१८ साली निवासी इमारतींसाठी संहिता आली. दोन्हींचा रोख मुख्यत्वे नव्या इमारतींवर होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. बांधकामाची परवानगी मागावयास मालक स्वतःहून कचेरीत येतो आणि त्याच वेळी त्याला अटी घालता येतात. एकदा घर उभे राहिले की तो दरवाजा बंद होतो. त्यामुळे उभ्या घरासाठी दुसरा कोणता दरवाजा आहे, हाच या धोरणांपुढील खरा प्रश्न आहे. आपल्या देशात तो निरनिराळ्या ठिकाणी शोधला गेला आहे.

तमिळनाडूने तो पाण्याच्या नळात शोधला. २००३ साली त्या राज्याने नव्या-जुन्या सर्व इमारतींना छतावरील पावसाचे पाणी साठविण्याची वा जमिनीत मुरविण्याची सोय सक्तीची केली. मालकाने ती न केल्यास नगरपालिकेने ती करून घ्यावी व खर्च मालमत्ता कराप्रमाणे वसूल करावा, नळजोडणीही तोडावी, अशी तरतूद होती. चेन्नईत थोड्या काळात घरोघरी पन्हळी जोडल्या गेल्या, शोषखड्डे खणले गेले आणि पुढे अनेक भागांत विहिरींचे पाणी वर आले. परंतु खड्डा गाळाने भरतो, वाळूचा थर बदलावा लागतो, आणि त्याची वार्षिक तपासणी कोणाच्याच अंगावर नीटशी पडली नव्हती. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मोठे जलाशय आटले आणि जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा दुर्लक्षित पडलेल्या त्या खड्ड्यांची नगराला पुन्हा आठवण झाली. जलाशय आटण्याचा सारा दोष खड्ड्यांना देता येणार नाही. पाऊसच अपुरा झाला होता. तथापि सक्तीने वस्तू उभी राहते, निगा मात्र राहतेच असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

अहमदाबादने तो दरवाजा आरोग्याच्या बाजूने उघडला. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा सुमारे १३०० अधिक मृत्यू झाले. २०१३ साली महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील घरांच्या छपरांना पांढरा, प्रकाश परतविणारा लेप देण्याचा प्रयोग केला. पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या कुटुंबाला याहून स्वस्त उपाय क्वचितच असेल. तेलंगणानेही २०२३ साली शीत-छपरांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर केले.

तिसरा दरवाजा पैशाचा. पुणे महानगरपालिकेने सौर जलतापक, पर्जन्यजल-संचय, गांडूळखत यांपैकी एक सोय करणाऱ्यास मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन वा अधिक करणाऱ्यास १० टक्के सवलत ठेवली. २०२४ साली केंद्र सरकारने घराच्या छतावरील सौरवीज संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान देणारी योजना आणली. १ कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट आहे.

या साऱ्या धोरणांतून एक मनुष्य निसटतो, तो म्हणजे भाडेकरू. वीजबिल तो भरतो. छप्पर मात्र त्याचे नसते. मालकाने खर्च करावा तर बचत भाडेकरूच्या पदरात पडते, आणि भाडेकरूने करावा तर उद्या घर सोडावे लागेल ही धास्ती. शिवाय सुधारलेल्या घराचे भाडे वाढले, तर ज्याच्यासाठी उन्हाचा ताप कमी केला त्यालाच तेथून जावे लागते. अनुदान केवळ छताच्या मालकाकडे पाहून दिले जाईल, तोवर हा पेच सुटणार नाही. सुधारणेसाठी साहाय्य घेतलेल्या घराचे भाडे काही वर्षे वाढवू नये, अशी अट अनुदानालाच जोडणे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट निगेची. मालमत्ता कराचे देयक दर वर्षी येते. म्हणून सोय केल्याबद्दलची सवलत एकदा देऊन न थांबता, ती सोय चालू असल्याचे पाहून दर वर्षी द्यावी. म्हणजे तपासणीचा दिवस आपोआप ठरेल. कौलारू घरांना तो दिवस पावसाळा ठरवून देत असे. स्लॅबच्या घरांना तो आपणच ठरवून घ्यावयास हवा, आणि धोरणकर्त्यांनी नवी योजना जाहीर करण्यापूर्वी जुन्या योजनेतील खड्डे उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावयास हवी.