आधी दाखल, मग दाखला
(वार्षिक सभेतील निवेदन)



मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा हिशेब आम्ही चोख ठेवतो.

तरीही गतवर्षी एका रात्री एक शेतमजूर स्त्री, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ नाही म्हणून, अत्यवस्थ पतीसह आमच्याच खिडकीपाशी तासभर तिष्ठत राहिली. अशा रुग्णास अनामत न मागता तत्काळ दाखल करावे, हे त्याच योजनेत नमूद आहे. ते परिपत्रक कार्यालयाच्या कपाटात होते. रात्रपाळीच्या कारकुनाजवळ केवळ कागदपत्रांची यादी होती, आणि ती आम्हीच तयार करून दिलेली. अखेर एका परिचारिकेने स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास आत घेतले. तो वाचला, श्रेय तिचे.

आता दाखल करून घेणे प्रथम, कागद दुसऱ्या दिवशी समाजसेवा विभाग पाहतो. काहींचे कागद येतच नाहीत. तो खर्च निर्धन रुग्ण निधीत दाखवता येत नाही. त्यासाठी आपण स्वतंत्र देणगी द्यावी, ही नम्र विनंती.