ऑथर कोण आणि रायटर कोण?

इंग्रजी शब्दांच्या जोड्यांमधली आजची जोडी आहे 'ऑथर' आणि 'रायटर'. शब्दकोशात बघाल तर दोघांपुढे एकच शब्द सापडतो, लेखक. मग फरक काय?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे 'रायटर' हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही ठाऊक असतो. पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेतो, तो रायटर. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत मिळतो, तोही रायटर. उत्तर विद्यार्थ्याचं, अक्षर रायटरचं. आणि मार्क? ते विद्यार्थ्यालाच. कारण त्या उत्तराचा ऑथर तो आहे.

'राइट'चा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं. म्हणजे हाताचं काम. 'ऑथर' आला लॅटिनमधून, तिथे त्याचा अर्थ उभं करणारा, वाढवणारा. 'ऑथॉरिटी' त्याच घरातली. म्हणून इंग्रजीत एखाद्या योजनेचाही ऑथर असतो, त्यानं स्वतः कागदावर एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी. पुढे 'रायटर'चा अर्थ रुंदावला. लिहिणं हा ज्याचा पेशा, तोही रायटर झाला. आज साधा नियम असा धरा: माणूस काय करतो हे सांगायचं तर रायटर, अमुक पुस्तक कुणाचं हे सांगायचं तर ऑथर.

बहुतेक वेळा दोघं एकच असतात, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण खानदेशात तो ठळक दिसतो.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म 1880, मृत्यू 1951. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची, ती घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. त्यावर नाव कुणाचं? बहिणाबाईंचंच. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. रायटर नव्हत्या, ऑथर शंभर टक्के होत्या.

आता धुळ्याला या. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. ती 'गीता प्रवचने'. इथे ऑथर विनोबा, रायटर साने गुरुजी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा दोन्ही तेच.

तुम्ही म्हणाल, हा भेद इंग्रजांचा. नाही हो! ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके 1212 ची नोंद आहे तिथे, टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि सच्चिदानंदबाबा 'लेखक' झाले, असं सांगितलंय. म्हणजे तेव्हा आपला 'लेखक' हा लिहून घेणारा होता. रचणारा तो कर्ता. पुढे 'लेखक' या एकाच शब्दावर आपण दोन्ही कामं टाकली, आणि नुसत्या टिपून घेणाऱ्याला 'लेखनिक' म्हणू लागलो.

याचा परीक्षेपलीकडे उपयोग काय? सांगतो. आजी-मावशीच्या ओव्या, अहिराणी गाणी आज बरीच पोरं मोबाईलवर रेकॉर्ड करतात, मग लिहून फेसबुकवर टाकतात. खाली नाव स्वतःचं. फार झालं तर 'पारंपरिक' असा शब्द. लबाडी असतेच असं नाही, लिहिलं मी म्हणजे लेखक मी, असा साधा समज असतो. पण ती ओवी आजीनं रचली असेल, तर आजी तिची ऑथर आहे. तिनं तिच्या आईकडून ऐकली असेल, तर तेही लिहा. म्हणून दोन ओळी ठेवत चला: सांगणारी अमुक, गाव अमुक, लिहून घेणारा मी. आजी सही करत नसेल, अंगठा लावत असेल. तरी पहिली ओळ तिची.

पुढच्या भागात 'लर्न' आणि 'स्टडी'. तोवर येतो मंडळी.