भंगलेले देऊळ आणि खचलेला माणूस
(जोगेश्वरी येथे जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



जीर्णोद्धार म्हटला की देहूचे विठ्ठलमंदिर आठवते. इ. स. १६२९-३० च्या दुष्काळात तुकोबांचे धान्य गेले, दुकान बुडाले, पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली, मुलगा संतूही गेला. लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटावी, संसाराचा वीट यावा, अशी ती अवस्था त्यांनी स्वतः अभंगांतून सांगितली आहे.

अशा वेळी त्यांनी काय केले? पूर्वजांचे देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावे असे त्यांच्या चित्ताला वाटले. ‘हे सारे माझ्याच वाट्याला का?’ याचे उत्तर मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. आधी हाताला काम दिले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले. आरंभी आपले चित्त त्यात मुरलेले नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले आहे. मन मागाहून आले. पाऊल आधी पडले.

तुकोबा संसार सोडून पळाले नाहीत. जिजाबाईंसह प्रपंच चालला, मुलेबाळे झाली. धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. दुष्काळात ज्या घरी चूल विझली, त्याच घरातून ही वाट निघाली!

आपल्या जोगेश्वरीची लेणीही हेच शिकविते. सहाव्या शतकात कारागिरांनी खडक फोडून ती कोरली. पायऱ्या उतरून अंधारात जावे लागते. पण आत देवी आहे, दिवा आहे.

मुंबईनेही दुष्काळ पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांची भाकरी गेली. आजही शेजारच्या खोलीत कुणी ‘आता जगून काय करायचे?’ म्हणत एकटा बसलेला असेल. त्याला उपदेश करू नये. त्याच्याजवळ बसावे, दोन घास भरवावेत, गरज पडल्यास दवाखान्यात न्यावे, आणि झेपेल असे एखादे काम त्याच्या हाती द्यावे.

देणगीदारांनी धन दिले, गावकऱ्यांनी घाम दिला, म्हणून कळस चढला. देऊळ दगडांनी उभे राहते, माणूस मात्र माणसांच्या आधाराने. खचलेला एक जीव जरी या मंडपात येऊन सावरला, तरी जीर्णोद्धार पूर्ण झाला असे समजावे.