घरचा स्वयंपाक : पैशाची आणि वेळेची बचत
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर स्वयंपाकघराचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आठवी-नववीनंतर एखादी हुशार मुलगी अभ्यासात मागे पडू लागते, तेव्हा आपण शिकवणी, फी, वर्गातील गर्दी अशी सगळी कारणे शोधतो. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ती कोठे असते, हे मात्र विचारीत नाही. पुष्कळ घरांत ती चुलीपाशी असते. तिचा भाऊ त्याच वेळी वही उघडून बसलेला असतो, निदान तशी आपली समजूत असते.

भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात असे दिसून आले की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटे. तेही जे करतात त्यांची. न करणारे पुरुष किती, हे मी आपल्यापुढे सांगायला नको.

म्हणून आजचा मुद्दा एवढाच, की घरच्या जेवणाचा हिशेब करताना रुपये आणि तास एकाच वहीत लिहिले पाहिजेत. दोन रुपये वाचविण्यासाठी मुलीचा एक तास खर्ची पडत असेल तर ती बचत नव्हे. उलट, वेळ नाही म्हणून रोज बाहेरून वडापाव आणि पावभाजी आणणे यालाही मी बचत म्हणणार नाही. त्यात खिसाही रिकामा होतो आणि पोटही नीट भरत नाही.

आपण ज्या परळ-लालबागच्या परिसरात राहतो, तेथे हा हिशेब फार पूर्वी मांडला गेला आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेले हजारो कामगार घरची माणसे गावी ठेवून एका खोलीत दहा-वीस जण राहत. त्यांचे जेवण खाणावळीत असे. गिरणगावातील खाणावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतील एखादी बाई आपल्याच खोलीत मेंबरांना दोन वेळचे जेवण घाली. विणकाम खात्यात आपल्यातील माणसेही पुष्कळ होती. भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत अशाच खाणावळीला बिशी म्हणतात. एका चुलीवर दहा-वीस माणसांची डाळ शिजली तर ती एकेकट्याने शिजविण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे कोणत्याही पुस्तकावाचून या बायांना ठाऊक होते.

तरीही त्या गरीबच का राहिल्या? याचे कारण आपल्या प्रत्येक घराला लागू पडणारे आहे. मेंबर महिन्याचे पैसे पगार झाल्यावर देत आणि बाईला डाळ-तांदूळ रोज लागत. म्हणून ती वाण्याकडून उधारीवर थोडे थोडे उचले, चढ्या भावाने. अडचण आली की सावकाराचे व्याज वेगळे. सगळी कमाई तेथे जिरे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. हातात रोकड आली तेव्हा मालाचा भाव करण्याची ताकदही आली. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, मेंबर गावी गेले, अनेक खाणावळी बसल्या. पण मंडळ टिकले, कारण ते एका गिरणीच्या पगारावर उभे नव्हते.

यातून घ्यायचे ते हे, की महाग पडते ती डाळ नव्हे. महाग पडते ते रोजचे पाव-पाव किलो आणि उधारीचे खाते. त्याच १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत साधी आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याच्या वाणसामानाची यादी आधी देतात, पंचायत सगळ्यांची खरेदी एकत्र करते आणि माल आला की सभासद आपणच वाटप करतात. आपल्या इमारतीत असा संघ होत नसेल तर निदान एका मजल्यावरील चार घरांनी एकत्र यावे. पाच किलो कांदे, पाच किलो बटाटे, दहा किलो तांदूळ यांचे चार वाटे करायला कितीसा वेळ लागतो? आणि दादर स्टेशनबाहेरच्या पहाटेच्या घाऊक भाजीबाजारात दर आठवड्याला एकाच घरातील माणसाने जावे, पाळीपाळीने. चार बायांच्या चार खेपा वाचतात. पुरुषांनी गेले तर बाजार रागावत नाही, हेही सांगून ठेवतो.

आता गॅसकडे येऊ. पाणी उकळू लागले की ते शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आच कितीही मोठी ठेवा. म्हणजे उकळी फुटल्यावर मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते. उकळी आली की आच मंद करून वर झाकण ठेवावे. कुकरात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून उघड्या पातेल्यात तासभर घेणारी तुरीची डाळ अर्धा तास भिजवून कुकरात लावली तर पंधरा-वीस मिनिटांत होते. पहिली शिटी झाली की आच बारीक करा. शिट्यांमागून शिट्या काढण्याची आपल्याकडे हौस आहे, पण त्या वाफेबरोबर गॅसचे पैसेच बाहेर जातात. एकावर एक डबे ठेवून भात, डाळ आणि बटाटे एकदम लावावेत. ही कल्पना काही नवी नाही. १९१० च्या सुमारास बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला, त्यात खाली थोडासा कोळसा आणि वर डब्यांची उतरंड असे.

डाळीला चिंच, कोकम किंवा टोमॅटो आधी घातला तर ती शिजायला वेळ लावते. आंबट नेहमी डाळ मऊ झाल्यावर घालावे. मसूर भिजविण्याची गरज नाही. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नीट उकळून शिजविलाच पाहिजे. कच्चा राहिला तर पोट बिघडते. मूग-मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. मग ती लवकर शिजते आणि तिच्यात क जीवनसत्त्वही वाढते. यात कष्ट कोणाचेच नाहीत. फक्त आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते, आणि ते काम घरातील कोणताही मुलगा करू शकतो.

मांसाहाराचा खर्च हा आपल्या घरांतील मोठा भाग. अर्धा किलो मटणाचा नुसता रस्सा सहा माणसांना अपुरा पडतो. तेच मटण चण्याच्या डाळीबरोबर डाळगोश्त म्हणून शिजविले, किंवा त्यात दुधी घातला, तर सगळे तृप्त होतात. आपल्या आजींनी हे काटकसरीपोटीच केले असावे. आज आपण ते दावतीचे पदार्थ समजतो, ही गंमत आहे. पाये कुकराशिवाय करू नयेत. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताज्या मासळीचे भाव चढतात. ज्यांनी मे महिन्यात सुके बोंबील, सोडे आणि जवळा भरून ठेवला, त्यांना पावसाळ्यात बाजाराचे तोंड पाहावे लागत नाही.

मसाल्याचेही तसेच. उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या बाजारात गेलात तर मिरची निवडणे, भाजणे आणि कांडप एकाच जागी होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, बाकी गरम मसाला आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. वर्षाचा मसाला एका दिवसात होतो. अडचण एकच, एकदम पैसे लागतात. त्यासाठी दिवाळीपासून दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी ठेवावी. नाहीतर पुन्हा शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या आणि पुन्हा वाण्याचे खाते. आले-लसणाचे वाटण आठवड्याचे एकदाच करून फ्रिजमध्ये ठेवावे. कांदा रोज वीस मिनिटे परतण्याऐवजी रविवारी एकदाच तळून ठेवावा. उरलेला भात मात्र रात्रभर बाहेर ठेवू नये. मुंबईच्या उकाड्यात त्यात जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि वाचविलेल्या वाटीभर भातापायी दवाखान्याची पायरी चढावी लागते.

एवढे सगळे केले तर रोजचा पाऊण तास वाचायला हरकत नाही. वर्षाचे सुमारे २७० तास होतात. परंतु भगिनींनो, माझी खरी भीती पुढेच आहे. कुकर आला, मिक्सर आला, गॅस आला, तरी बायांचे तास फारसे कमी झाले नाहीत, कारण वाचलेल्या वेळात आपण आणखी एक पदार्थ वाढविला. एक डाळ होती तेथे डाळ, भाजी आणि तळण असे तीन झाले. पाहुणे येणार म्हणून मुलीला शाळेला दांडी मारायला लावणारी घरे मला ठाऊक आहेत. वाचलेला वेळ कोणाच्या नावावर जमा करायचा, हे आधी ठरले नाही तर तो परत चुलीतच जातो.

रमजानमध्ये ही गोष्ट अधिक जाणवते. ज्या वर्षी हा महिना परीक्षेच्या दिवसांत येतो, त्या वर्षी मुलगी सहेरीसाठी आईबरोबर उठते, दुपारी पेपर देते आणि असरनंतर भजी तळायला उभी राहते. त्या महिन्यापुरते तरी इफ्तारला खजूर, फळे आणि एकच शिजविलेला पदार्थ ठेवावा. तळण असलेच तर ते भावाने तळावे. तेल त्याच्या हाताने तापत नाही असे मी अजून ऐकलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्यासाठी. घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावा. आठवड्याचे सात दिवस उभे लिहा. आडवे लिहा भाजी निवडणे, डाळ-कडधान्य भिजविणे, पीठ मळणे, भांडी घासणे, ओटा पुसणे. प्रत्येक चौकोनात घरातील एकाचे नाव घाला, वडिलांचेही. बहिणीची दहावी-बारावी असेल त्या वर्षी संध्याकाळच्या चौकोनांत तिचे नाव येता कामा नये. सिलिंडर असेल तर तो लावल्याची तारीख त्याच कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा, म्हणजे झाकणाचा आणि मंद आचेचा फरक किती दिवसांचा पडला ते दोन-तीन महिन्यांत कळेल. पुढच्या सहामाहीच्या पालकसभेला येताना तो कागद बरोबर आणा. कोणत्या घरात किती चौकोन रिकामे राहिले आणि ते कोणाच्या नावाचे होते, हे शिक्षकांसमोर बसून पाहू.